करवलीचा मान

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर पनवेलजवळच्या विचुंब्याला चला.

समोर एक चार मजली इमारत आहे असं समजा. पूर्वी इथे भाताचं खळं होतं. शेत गेलं, इमारत उभी राहिली, पण राहणारी माणसं तीच. इमारतीपुढे मांडव घातलाय. बेंजोवाले इतक्या जोरात वाजवताहेत की ताल कानात न शिरता थेट छातीत शिरतोय. आज हळद आहे, आणि आगरी घरातली हळद म्हणजे लग्नाहून मोठी. सगळी माणसं पिवळी झालीत. आता त्या गर्दीत एक लहान मुलगा शोधा. दिसला? एका मोठ्या मुलाच्या खांद्यावर बसलाय आणि दोन्ही हात वर करून नाचतोय. तो चिनू. त्याला नीट बघून घ्या, कारण पुढच्या आठवड्यात तो असा नाचणार नाही.

उघडा डोळे. तुम्ही ते चित्र क्षणभर पाहिलंत. चिनूच्या बहिणीनं, मनस्वीनं, ते वर्षभर डोळ्यांसमोरून हलू दिलं नाही. अकरा वर्षांची पोर, पण एकदा राग धरला की तो तिच्या मुठीतून कोणाला सोडवता यायचा नाही.

झालं असं होतं. ती हळद होती तिच्या धाकट्या काकाची, तुळशीरामकाकाची. नवऱ्यामुलाशेजारी करवला म्हणून बसला होता मितेश, मनस्वीचा चुलतभाऊ, खालच्या मजल्यावर राहणारा, तिच्याहून वर्षानं मोठा आणि दहा वर्षांची फुशारकी जास्त असलेला. हळद लागल्यावर त्यानंच चिनूला खांद्यावर घेतलं. स्वतःच्या ग्लासातलं सरबत त्याला पाजलं. आणि लग्नाची धामधूम उरकते न उरकते तोच चिनूला ताप भरला. आधी वाटलं, दमलाय पोर. मग तो जेवेना, मग बोलेना, मग श्वास घेताना त्याच्या बरगड्यांखाली खड्डे पडायला लागले. त्याला नवीन पनवेलला दवाखान्यात ठेवावं लागलं. फ्लू होता, छातीत उतरलेला. मनस्वीनं दाराच्या काचेतून पाहिलं तेव्हा चिनूच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि आई त्याचा पाय धरून बसली होती, कारण हाताला सलाईन लावलेलं होतं.

तरीही तिला कोणाचा राग आला नव्हता. तो आला दुसऱ्या दिवशी, शाळेच्या बसमध्ये. मागच्या सीटवर मितेश मित्रांना सांगत होता, "अरे, हळदीच्या दिवशी मला एकशेदोन ताप होता, एकशेदोन! गोळी खाल्ली आणि नाचलो. कोणाला पत्तापण नाही लागला!"

मित्र म्हणाले, "भारी रे!"

मनस्वी पुढे बसली होती. तिनं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही. राग ओरडून टाकला तर उडून जातो आणि गिळला तर मुरतो, कैरीच्या लोणच्यासारखा. मनस्वीनं तो गिळला आणि बरणीचं झाकण घट्ट लावलं.

चिनू बरा होऊन घरी आला. आई म्हणाली, "मांडवात अख्खा गाव होता गो. कुणाकडून आलं ते देवाला माहीत." मनस्वीला वाटलं, देवाला माहीत असेल, पण मलाही आहे. तिनं मितेशची बॅट एकदा पाण्याच्या टाकीमागे टाकली, एकदा त्याच्या सायकलची हवा सोडली. पण असल्या गोष्टींनी पोट भरत नव्हतं. चिनू निळा पडला होता, आणि याच्या सायकलची नुसती हवा? तिला हवा होता पुरता हिशेब. त्याच्याच मापानं.

ती संधी यंदा चालून आली. घरात पुन्हा हळद ठरली, आता रुचिराआत्याची. आणि करवली होती मनस्वी. तिच्या मनात एक चित्र तयार झालं, अगदी रंगीत. मांडव भरलाय, बेंजो वाजतोय, आत्याशेजारी आपण बसलोय, आणि खालच्या मजल्यावर खिडकी लावून घेतलेल्या खोलीत मितेश फणफणून पडलाय. त्याला सगळं ऐकू येतंय, पण पाय जमिनीला लावता येत नाही. रोज शाळेत जाताना ती या चित्रात थोडा थोडा रंग भरायची.

हळदीला महिनाभर होता, तेव्हा आईबाबा दोघा मुलांना घेऊन हेतल मॅडमकडे गेले. या मुलांच्या डॉक्टर. गेल्या वर्षी त्यांनीच चिनूला दवाखान्यात पाठवलं होतं.

"फ्लूची लस दरवर्षी घ्यायची म्हणजे?" बाबांनी विचारलं. त्यांचं नाव प्रदीप. बांधकामाचं सामान पुरवायचे, त्यामुळे कुठलीही वस्तू ठोकून-वाजवून घ्यायची सवय. "एकदा घेतली की विषय संपत नाही?"

"फ्लूचा विषाणू दरवर्षी रूप बदलतो. लसही बदलावी लागते."

"आणि घेतली म्हणजे फ्लू होणारच नाही?"

"असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. होऊ शकतो. पण चिनूचं गेल्या वर्षी झालं तसं व्हायची भीती खूप कमी होते."

"ताप येतो म्हणतात."

"हात दुखेल. एखाद्याला कणकणही येईल. एक-दोन दिवस. पण लसीमुळे फ्लू होत नाही."

बाबांनी चिनूकडे पाहिलं. तो स्टुलावर गोल गोल फिरत होता. मग त्यांनी आईकडे पाहिलं आणि आईनं खाली पाहिलं. मनस्वीला वाटलं, आईला सुईची भीती वाटतेय.

"टोचा," बाबा म्हणाले.

निघताना मॅडम आईला म्हणाल्या, "सुनिताताई, तुमच्या जावेचं बाळ किती महिन्यांचं?"

"तीन."

"सहा महिन्यांच्या आत बाळाला ही लस देता येत नाही. म्हणून त्याच्या आजूबाजूच्या सगळ्यांनी घ्यायची. दिपाला सांगा. आणि हळदीनंतर नको, आता. लसीचा उपयोग व्हायला दोनेक आठवडे जातात."

मनस्वीचा हात त्या दिवशी थोडा दुखला, म्हणजे दप्तर दुसऱ्या खांद्यावर घ्यावं लागलं, इतकाच. चिनू घरी पोचेपर्यंत सगळं विसरला होता.

दोन दिवसांनी दुपारी दिपाकाकी, म्हणजे मितेशची आई, वर आली, कडेवर बाळाला घेऊन. बाळाचं नाव समृद्धी. नाव एवढं मोठं आणि अंग मूठभर. आई आणि आत्या साड्या घ्यायला पनवेलला गेल्या होत्या. घरात मनस्वी होती आणि झोपलेला चिनू.

"ताई नाय का गो?" काकी खुर्चीवर टेकली. "बरं झालं, तुलाच विचारते. तुझा काका म्हणतो, हळद होऊ दे, मग बघू सुईचं. पोरगा हळदीत हात धरून बसला तर? मोबाईलवर पण एक येतं घ्या म्हणून, एक येतं घेऊ नका म्हणून. माणसानं ऐकायचं कुणाचं? तू टोचून आलीस ना? खरं सांग, काय झालं तुला?"

वर्षभर जिची वाट पाहिली ती संधी मनस्वीसमोर खुर्चीत बसून पदरानं वारा घेत होती. एक वाक्य पुरे होतं.

"हात वर होत नव्हता काकी," ती म्हणाली. "केससुद्धा आईनं विंचरले. आणि ताप. मला दोन दिवस. चिनूला तर खूपच."

"अगो बाय! आणि ताई काय बोलली नाय मला?"

"तुला घाबरवायचं नव्हतं तिला."

खोटं बोलताना सुचत जातं, बरं का. पहिलं खोटं जड असतं, दुसरं आपणहून येतं.

काकी उठली. "मग हळदीनंतरच बघू. काका म्हणतो तेच खरं." समृद्धीनं जाता जाता काकीच्या खांद्यावरून मनस्वीकडे पाहिलं आणि बोळकं पसरून हसली. मनस्वीनं तोंड फिरवलं.

त्या संध्याकाळी तिला जेवण गोड लागलं. चित्र पूर्ण झालं होतं. आता फक्त हळद यायची बाकी होती.

रविवारी गच्चीवर दाजी जवळा वाळत घालून बसले होते. दाजी म्हणजे मनस्वीचे आजोबा. गच्चीभर पसरलेली ती बारीक कोळंबी कावळ्यांपासून राखायचं काम ते कुणाला देत नसत. मनस्वी त्यांच्याजवळ बसली होती, तेवढ्यात मितेश वर आला. कडेवर समृद्धी. त्यानं खिशातून एक चॉकलेट काढलं आणि मनस्वीच्या हातात ठेवलं.

"हे काय?"

"थँक्यू!" मितेश सगळे दात दाखवून हसला. "तू आईला काय भारी सांगितलंस! ती मला घेऊन चाललीच होती. मी दोन दिवस देवाला सांगत होतो, सुई नको, सुई नको. वाचवलंस मला."

वर्षभर मुरवलेला सूड मनस्वीनं वाढला, आणि समोरचा तो मिटक्या मारत खात होता. वर आभार मानत होता! तिला वाटलं, चॉकलेट त्याच्या नाकावर फेकून मारावं.

"तू घाबरतोस? सुईला?"

"घाबरत कोण नाही," मितेश म्हणाला आणि आवाज खाली आणला, "पण कोणाला सांगू नकोस हां." मग तो शिंकला. शिंकला, बाहीला नाक पुसलं आणि समृद्धीच्या गालाची मोठ्ठी पापी घेतली. "कोण माझं पिल्लू? कोण माझं?" करत तो जिना उतरून गेला.

शिंक साधीच असेल, धुळीची. पण मनस्वीला उन्हात बसून गार वाटलं. तिच्या रंगीत चित्रात खालच्या मजल्यावरच्या खिडकी लावलेल्या खोलीत मितेश एकटा पडलेला होता. आता तिनं नीट पाहिलं. त्याच खोलीत पाळणा होता.

"दाजी," तिनं विचारलं, "बाळाला लस देता येत नाही, म्हणून इतरांनी घ्यायची असते. एकानं नाही घेतली तर?"

दाजींनी हात हलवून कावळा हाकलला. "आपलं खाडीकडचं शेत होतं ना, त्याला मातीचा बांध होता. बाहेर खारं पानी, आत भात. सगला बांध धड, आनि एका जागी खेकड्यानं बीळ केलं, तर पानी काय विचारून येतं? बीळ करनारा खेकडा मजेत असतो गो. मरतं ते भात."

तुम्हाला वाटेल, मनस्वीचा राग गेला. छे! राग होता तिथेच होता, उलट चॉकलेटनं दुप्पट झाला होता. फक्त तिला आता कळलं होतं की आपण चुकीचा सूड निवडला. मितेशला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते, त्यातूनच आपण त्याला सोडवलं. किती मूर्ख!

तिनं चॉकलेट चिनूला दिलं आणि नवा बेत केला.

त्यांच्या घरात एक रिवाज होता. लग्नाची पहिली पत्रिका गावदेवीपुढे ठेवून आले की सगळं घर एकत्र बसायचं, आणि घरातला मोठा माणूस करवलीला किंवा करवल्याला विचारायचा, तुझा मान काय? मागेल ते द्यायचं. नाही दिलं आणि करवली रुसली, तर हळद लागत नाही. गेल्या वर्षी मितेशनं भारीतली बॅट मागून घेतली होती. तीच, जी पुढे टाकीमागे सापडली.

हळदीला अजून तीन आठवडे होते. पत्रिका ठेवून आल्यावर दिवाणखाना माणसांनी भरला. दाजी मधे बसले. "काय गो मनू? माग. करवलीला नाय म्हनायचं नसतं."

"घागरा माग!" आत्या म्हणाली.

"मोबाईल माग गो!" तुळशीरामकाका ओरडला. "दाजींकडे हाय पैसा, लपवून ठेवलाय!"

मनस्वी उभी राहिली. हात पाठीमागे, शाळेत कविता म्हणताना असतात तसे.

"मला मितेशच्या दंडात सुई पाहिजे."

एक क्षण कोणाला काही समजलं नाही. मग जो हशा उसळला! मितेश तेवढा हसला नाही.

"फ्लूच्या लसीची," मनस्वी पुढे म्हणाली. "सुदामकाकाच्या आणि काकीच्या दंडातपण. पण पहिली मितेशच्या. आणि मी त्याच्या समोर उभी राहणार. अगदी समोर."

"ए! ही वेडी झालीय!" मितेश किंचाळला.

सुदामकाका, म्हणजे मितेशचे बाबा, ताठ झाले. "ही कसली मागणी? पोरीला शिकवलं कुणी? वयनी, तुमी?"

"मी कशाला शिकवू?" आई गोंधळली होती.

"अगो, पण तूच बोललीस ना," दिपाकाकी म्हणाली, "ताप येतो, हात वर होत नाय?"

"खोटं बोलले."

"का गो?"

"मला पाहिजे होतं त्याला फ्लू व्हावा!" बरणीचं झाकण उडालं. "हळदीच्याच दिवशी! गेल्या वर्षी त्याला एकशेदोन ताप होता आणि त्यानं चिनूला खांद्यावर घेतलं. स्वतःच्या ग्लासातलं पाजलं. चिनू तिकडे दवाखान्यात होता आणि हा बसमध्ये शायनिंग मारत होता, ताप होता तरी नाचलो, कोणाला पत्ता नाही. मी ऐकलंय!"

सगळे मितेशकडे बघत होते. त्याचे कान लाल झाले होते. मनस्वीला हेच हवं होतं. हाच क्षण. तिनं तो डोळे भरून घेतला.

मग दिपाकाकी बोलली, अगदी हळू. "पोराला नका बघू तसं. त्याचं अंग गरम लागलं होतं मला. गोळी मीच दिली. करवल्याला झोपवून कसं चालंल, असं वाटलं."

मनस्वीनं काकीकडे पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं.

"एकटीवर घेऊ नको, दिपा," आई म्हणाली. तिची मान तशीच खाली, हेतल मॅडमकडे होती तशी. "मॅडमनी गेल्या वर्षीपण सांगितलं होतं, हळदीच्या आधी टोचून घ्या. आपण दोघींनी ठरवलं, हळद होऊ दे. चिनूच्या बाबांना मीच नको बोलले."

मनस्वीनं वर्षभर एकच नाव मुठीत धरलं होतं. आता मूठ उघडली तर आत तीन नावं. त्यातलं एक आईचं. रडू फुटणार होतं, पण आज रडायचं दुसऱ्या कोणीतरी, असं तिनं ठरवलं होतं.

"मग बदलतेस मागनं?" दाजींनी विचारलं.

"हो," ती म्हणाली. "वाढवते. आईलापण टोचायची. बाबांना. आत्याला. सगळ्यांना. तुम्हालापण, दाजी."

"मला कशाला गो? मी म्हातारा मानूस!"

"तुम्हीच बोललात. बांधाला एकपण बीळ नको."

दाजींनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि टोपी पुन्हा घातली. स्वतःचाच शब्द परत अंगावर आला की म्हाताऱ्या माणसाचं असंच होतं.

"दाजी, हळदीच्या तोंडावर कशाला हे?" सुदामकाका म्हणाले. "नंतर बघू ना."

"करवलीनं मान मागितलाय," दाजी उठून उभे राहिले. "नाय द्यायचा तर हळदीला तू बस तिच्या जागी, परकर नेसून. बसतोस?"

सुदामकाका बसायला तयार झाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी हेतल मॅडमच्या दवाखान्यात एवढी वऱ्हाडी मंडळी शिरली की बाकडी पुरेनात. आधी फोन करून ठेवलेला, म्हणून बरं. समृद्धी आईच्या मांडीवर झोपली होती. ज्याच्यासाठी सगळा बांध घालायचा ते भात निवांत होतं.

"पहिला कोण?" मॅडमनी विचारलं.

"मितेश!" सगळं घर एका सुरात.

"मला शू आलीय," मितेश म्हणाला.

"येताना केलीस," सुदामकाकांनी त्याला स्टुलावर बसवलं.

मनस्वी ठरल्याप्रमाणे त्याच्या समोर येऊन उभी राहिली. अगदी समोर. वर्षभराचं सगळं तिनं डोळ्यांत आणलं: काचेचं दार, मास्क, चिनूचा पाय धरून बसलेली आई. मॅडमनी मितेशची बाही वर केली, कापूस फिरवला. मितेशचा चेहरा जवळ्यासारखा पांढुरका पडला. कपाळावर घाम आला.

"एकशेदोन ताप असताना नाचलास ना?" मनस्वी म्हणाली. "मग आता रडायचं नाही."

"मनू," मितेश म्हणाला. "चिनूचं... मला खरंच माहीत नव्हतं गं, असं होतं ते."

मॅडमनी सुई उचलली. मितेशनं डोळे गच्च मिटले आणि हवेत हात पुढे केला, आंधळ्यासारखा, कोणाचा तरी हात शोधत.

मनस्वीनं तो हात धरला. आणि मग, अंगात होतं नव्हतं तेवढं सगळं बळ एकवटून, दात-ओठ खाऊन, नखं रुतवून तिनं तो असा काही आवळला, की मितेश "आई गं!" करून मोठ्यानं ओरडला, आणि दुसऱ्या दंडात सुई कधी गेली आणि कधी बाहेर आली, ते त्याला कळलंच नाही.